एकोणीस, अठ्ठेचाळीस

तिसऱ्या रात्रीही ते तिथंच येऊन बसलं.
संदर्भाचा जीनोम वाचून झाला, अर्धा तास,
आता तुकडे जुळवायला घेणार, तोच
एक ओळ टाकून गप्प:
एकोणीसच्या घरातली अठ्ठेचाळीस नंबरची फाइल
तयार करता येत नाही.

पहिल्या रात्री मी विजेला दोष दिला.
अर्जुनी फीडरवर दोष ढकलणं सोपं,
कोणी पुरावा मागत नाही.
दुसऱ्या रात्री इन्व्हर्टरचं झाकण काढलं,
आत पाल होती, वाळलेली, दोन बोटं लांब.
काढून टाकली. तिचा काही संबंध नव्हता.
डिस्क पाहिली, निम्मी रिकामी.
मग धानोरकर सरांना फोन, कारण मशीनचे अधिकार त्यांच्याकडे,
आणि ते साळ्याच्या लग्नात, तिरोड्याला.
बँडच्या आवाजातून एवढंच ऐकू आलं:
सोमवारी बघू.

सोमवार चार दिवसांवर.
खोलीत बियाण्याची पोती छतापर्यंत,
लाखोरीचा धुळकट वास, आणि पोत्यांच्या मधोमध
खोलीतला एकुलता पंखा स्वतःकडे वळवून
पाहुण्यासारखं बसलेलं मशीन.
त्याच्या पोटात नवेगावकडच्या बांध्यांतली पानं,
धान उभं असतानाच चिखलात फेकलेली लाखोरी,
आता चार अक्षरांची, कोट्यवधी तुकड्यांची.

शेवटी मशीनलाच विचारलं,
एका वेळी किती फाइली उघडू देतेस, बाई?
म्हणाली, एक हजार चोवीस.
तक्रार नाही, सूर नाही.

पावतीच्या पाठीवर मांडलं.
मी बत्तीस हात लावले होते कामाला,
हरेक हात पन्नास वाटण्या उघडून बसतो,
इथला तुकडा इथं, तिथला तिथं.
बत्तीस पन्नास सोळाशे.
चौथीतला पाढा, आणि माझ्या तीन रात्री.

हात केले वीस. वीस पन्नास हजार,
वर चोवीस शिल्लक. स्वतःवर खूश होऊन चहा मांडला.
चहा उकळण्याआधीच
एकोणीस, अठ्ठेचाळीस.

शून्यापासून मोजतं ते. म्हणजे विसावा हात
शेवटच्या वाटणीला पोचायच्या जरा आधी अडला.
माझ्या हिशेबात नव्हत्या त्या फाइली
आधीच उघड्या होत्या: नोंदवही, येणारे तुकडे,
आणि तीन तर जन्मापासूनच्या,
एक ऐकायला, एक बोलायला,
एक चुकलं तर ओरडायला.

सुखरण वलके दारात, रात्रपाळीचा चौकीदार,
त्याआधी बावीस वर्षं गावतळ्याचं तुडुम त्याच्या हाती.
"का म्हन्ते थे?"
मी सांगितलं, एकदम फार दारं उघडली की चालत नाही.
तो बिडी शोधत राहिला.
"तुडुमाचे भोकं वरून खोलतेत. वरचं पाणी उतरलं का मंग खालचं.
एका साली पोट्ट्यायनं सारेच काढले.
पाणी तं गेलंच, मच्छी बी रोडवर."
आणि हसला, ती मच्छी आठवून.

त्याच्या सांगण्यावरून मी सोळा केले असं नाही.
सोळा आधीच टाइप झाले होते.
पण बटण दाबलं ते तो हसून थांबल्यावर.

दीड वाजला. अडीच. ओळी सरकत राहिल्या.
पहाटे हजाराच्या आतल्या साऱ्या वाटण्या मिटून
एकच फाइल उरली, क्रमानं लावलेली,
शंभरातले शहाऐंशी तुकडे आपापल्या जागी.

"इख हाये का नाई लाखोरीत, हे सांगते का थे?"
अजून नाही, मामा. आत्ता फक्त
कोणता तुकडा कुठला, एवढंच.
"बस?"
बस.
त्यानं डबा उघडला. लाखोरीचेच वडे, गार.
दोन त्याला, तीन मला.

सरांना लिहिलं: काम झालं, सोळावर.
तरी सोमवारी मर्यादा वाढवून द्या.
पुढं अजून अकरा बांध्यांची पानं आहेत.
लग्न कसं झालं?